दोनशे चौदा पावलं

आंद्रा इझॅटला पावलं मोजायची सवय होती आणि ती त्याने बायको सोडून सगळ्यांपासून साठाहून जास्त वर्षं लपवून ठेवली होती. घरापासून वेल्फेअरच्या, म्हणजे खाणकामगारांच्या क्लबच्या, दारापर्यंत तीनशे चाळीस. दारापासून डॉमिनोच्या टेबलापर्यंत एकोणीस. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातून पाद्र्यापुढे जाऊन उभा राहीपर्यंत त्याने सव्वीस मोजली होती, आणि 'हिचा स्वीकार करतोस का' या प्रश्नाला आपल्या तोंडून 'सव्वीस' तर निघणार नाही ना, या धास्तीने त्याला दरदरून घाम फुटला होता. नेट्टाला वाटलं, पोरगा लाजतोय. तेही खोटं नव्हतं.

सवय बापाकडून आलेली. त्याचा बाप पीटर इझॅट लेडी ग्रिझल खाणीत कोळसा फोडायचा. गावात तिला सगळे नुसतंच ग्रिझल म्हणत. चौदाव्या वर्षी आंद्रा पहिल्यांदा खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा बाप त्याच्या कानात म्हणाला, "खाली दिवा विझला की डोळे संपले, पोरा. मग राहतात पाय. त्यांना आकडा शिकवून ठेव." त्या दिवसापासून आंद्रा पिंजरा उतरायचा त्या विहिरीच्या तळापासून आपल्या कामाच्या जागेपर्यंत जाताना मोजायचा आणि येताना पुन्हा मोजायचा. वाट बदलली की आकडा बदलायचा, जुना आकडा मात्र डोक्यातून जायचा नाही. एकदा दिवा खरंच विझला. चारशे एकसष्ट पावलं काळ्याकुट्ट अंधारात मोजत तो तळाशी आला, तिथल्या उजेडात बसून डब्यातली भाकर खाल्ली आणि कुणाला अवाक्षर बोलला नाही.

बोलण्याचं अंगच नव्हतं त्याला. त्याच्याबरोबर कामाला असलेला शग मूडी एकटाच चार माणसांचं बोलायचा, तेव्हा आंद्राने न बोलल्याचं कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. सहासष्ट साली ग्रिझल बंद झाली. आंद्रा गावच्या शाळेत शिपाई म्हणून लागला. वीस वर्षं त्याने शाळेचा बॉयलर पेटवला, बर्फ झाडलं, मैदानातून छपरावर गेलेले चेंडू उतरवले. मुलांशीसुद्धा तो फार बोलत नसे, पण मुलांना ते चालायचं.

तो सत्त्याहत्तर वर्षांचा झाला तेव्हा शाळेत सतरा मुलं उरली होती.

ड्रमगार्वी गावात तरुण जोडप्यांना राहायला घरच नव्हतं. लग्न झालं की ती शहराकडे जात. शेवटी कौन्सिलने चर्चच्या कुरणावर चोवीस घरं बांधायचं कबूल केलं. सगळं ठरलं, आणि मग कुठल्याशा कपाटातून एक दीडशे वर्षांपूर्वीचा कागद निघाला. त्यावर एवढंच होतं, की चर्चच्या कुरणात खाणीत हवा जावी म्हणून खोदलेली एक जुनी विहीर आहे. कुठे, ते नाही. वर लाकडं टाकून, माती लोटून कुणीतरी ती कधीच बुजवून टाकलेली. आता तिच्यावर गवत आणि गवतावर मेंढ्या. विहीर सापडली तर तिच्यावर सिमेंटचं झाकण घालून बाकीच्या जागेत घरं बांधता येतील, नाहीतर एकही वीट लागणार नाही, असं कौन्सिलने कळवलं. आणि घरं नसतील तर पुढच्या उन्हाळ्यात शाळा बंद.

त्यासाठी वेल्फेअरमध्ये सभा भरली. जमिनीची तपासणी करणारी मॉरवेन नावाची मुलगी आली होती. असेल तिशीची. ती म्हणाली, "बोअर मारायचं मशीन माझ्याकडे पाच दिवस आहे. सोमवार ते शुक्रवार. दिवसाला तीन, फार तर चार बोअर. कुरण केवढं आहे ते तुम्हाला माहीत आहे. अंदाजाने मारत बसलो तर वर्ष पुरणार नाही. कुणाला काही ठाऊक असेल तर आत्ता सांगा."

मग काय, सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"विहीर कुरणाच्या चिंचोळ्या टोकाला आहे," शग उठून म्हणाला. "माझा आजा सांगायचा."

"तुझा आजा दारू प्यायल्यावर घरसुद्धा शोधू शकत नव्हता," मागून डॉड पेनमन म्हणाला. डॉड पूर्वी खाणीत टेकू लावायचा. "विहीर ओढ्याकडे आहे."

"ओढ्याकडे तुझी अक्कल पुरलीय!"

मॉरवेन वहीत लिहायची थांबली. हशा, आरडाओरडा, टेबलावर मुठी. त्या गोंधळात आंद्राने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, खांद्याच्या जरासा वर. बराच वेळ कुणी पाहिलंच नाही. मग नेट्टा जोरात म्हणाली, "गप्प बसा रे सगळे! माझा नवरा बोलतोय."

असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. हॉल एकदम शांत झाला, आणि त्यामुळे आंद्राला बोलणं आणखीच जड गेलं.

त्याने सांगितलं ते असं. सन बावन्नमध्ये त्याला आणि टॉश बीव्हरिजला पूर्वेच्या मोठ्या बोगद्याच्या टोकापासून पुढे एक बारीक वाट खणायला लावलं होतं. कोळशाचा थर तिकडे कसा आहे ते बघायला. साडेतीन फूट उंची, सरळ रेघेत. तीन महिने खणल्यावर समोर दगडी बांधकाम लागलं. गोल भिंत, घडीव चिरे, फटींतून थंड पाणी. जुनी विहीर. मुकादमाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणाला आता इथे नको, आणि वाट लाकडांनी बंद केली. मोजणीदार त्या महिन्यात आजारी होता, त्यामुळे ती नकाशावर कधी चढलीच नाही. टॉश तर जाऊन बारा वर्षं झाली.

"मोठ्या बोगद्याचं टोक माझ्या नकाशावर आहे," मॉरवेन म्हणाली. "ते मी वर जमिनीवर खुंटी मारून दाखवू शकते. तिथून किती अंतर, मिस्टर इझॅट?"

आंद्राने घसा खाकरला. "दोनशे चौदा पावलं."

"अंदाजे?"

"नाही," आंद्रा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "मोजलेली."

सोमवारी अर्धं गाव कुरणात जमलं. मॉरवेनने शाळेच्या भिंतीपाशी खुंटी ठोकली, बोगद्याच्या दिशेने लांब दोरी ताणली, आणि आंद्रा दोरीच्या कडेने चालत गेला. दोनशे चौदावं पाऊल पाद्र्याच्या घराच्या कुंपणाजवळ पडलं. तिथे बोअर मारला. खाली खडक. आणखी पुढे मारला, मागे मारला. खडक. मंगळवारी कुंपणालगत चार. खडक. बुधवारी पाद्र्याच्या बायकोने सांगितलं की मशीनच्या हादऱ्याने तिच्या कपाटातली बशी फुटली. कुंपणाच्या त्या बाजूलाही खडकच लागला.

"आंद्रा, लेका," शग वेल्फेअरमध्ये म्हणाला, "तू खाली पावलं मोजत होतास की झोप यावी म्हणून मेंढ्या?"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण आंद्राने हातातली डॉमिनोची सोंगटी उलटी ठेवली आणि टोपी घेतली. बाहेर मॉरवेन भेटली. तिने अदबीने सांगितलं, "उद्या संध्याकाळी मी मशीन ओढ्याकडे हलवणार आहे. राग मानू नका. पंचेचाळीस वर्षं झाली, आकडा विसरणं साहजिक आहे."

"हो," आंद्रा म्हणाला. "साहजिक आहे, पोरी."

घरी आल्यावर खिमा-बटाट्याची बशी त्याने तशीच सरकवली.

"आकडा चुकला असेल," तो म्हणाला.

"तुझा?" नेट्टा म्हणाली. "अरे, आपल्या लग्नाची तारीख तू दोनदा विसरलास, आकडा एकदाही नाही."

"मग विहीर का नाही?"

"ते मला काय विचारतोस? मी कधी खाली गेले होते का?"

 आंद्राला सगळ्यात जास्त हे लागलं होतं, की सगळा जन्म तोंड बंद ठेवून एकदाच उघडलं आणि त्या एकदाच्या उघडण्यावर पाच दिवसांतले तीन वाया गेले. विहीर नाही तर घरं नाहीत. घरं नाहीत तर शाळा नाही. आणि लोक म्हणणार, आंद्राने नादी लावलं नसतं तर ओढ्याकडे तरी नीट शोधता आलं असतं.

गुरुवारी सकाळी नेट्टाने त्याला बटाटे लावायला मागे बागेत पिटाळलं. एप्रिल अर्धा सरत आला होता, आणि घरात बसून तो नुसता भिंतीकडे बघत होता, ते तिला बघवेना. आंद्राने सरी काढली, टोपली बगलेत घेतली आणि कमरेत वाकून एकेक बटाटा टाकत निघाला. पाय आपले मोजत होते. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. सरीच्या टोकाला अडतीस. कंबर धरून तो ताठ झाला, रिकामी टोपली घेऊन त्याच सरीच्या कडेने परत चालत आला. बावीस.

तो उभा राहिला. परत वाकला, पुन्हा टोकापर्यंत गेला. अडतीस. ताठ होऊन आला. बावीस.

"नेट्टा!" तो ओरडला. "नेट्टा! मी गाढव आहे!"

नेट्टा हात पुसत दारात आली. "आज कळलं होय?"

पण तोवर आंद्रा फाटकाबाहेर गेला होता, चिखलाच्या बुटांनी, न मोजता.

वेल्फेअरमध्ये शग, डॉड आणि आणखी चार-पाच म्हातारे डॉमिनोच्या टेबलाभोवती होते. आंद्रा धापा टाकत आत आला आणि म्हणाला, "साडेतीन फूट उंची होती."

"कशाची?" डॉडने विचारलं.

"वाटेची! टॉशच्या आणि माझ्या! साडेतीन फुटांत माणूस ताठ चालतो का? मी वाकून मोजली होती पावलं. आणि सोमवारी कुरणात चाललो ताठ, रविवारी चर्चला जावं तसा!"

 शगने हळूच आपल्या हातातल्या सोंगट्या खाली ठेवल्या.

"आपण सगळे होतो की तिथे," तो म्हणाला. "सोमवारी. तीस-तीस वर्षं गुडघ्यात तोंड घालून काम केलेली माणसं. याला लांब टांगा टाकत जाताना बघत उभे होतो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"उजेड होता ना," डॉड म्हणाला. "उजेडात वाकायचं कुणाला आठवतं?"

मॉरवेनला निरोप गेला. ती आली, ऐकलं, कपाळावर हात मारला, मग विचारात पडली. "पण तेव्हा तुम्ही तिशीत होतात, मिस्टर इझॅट. आता वाकून टाकलेलं पाऊल तेवढंच पडेल?"

याला उत्तर शगने दिलं. "पोरी, खाली पाऊल गुडघा ठरवत नाही, छत ठरवतं. साडेतीन फुटांखाली विशीतला आणि सत्तरीतला सारखाच चालतो."

"पण इथे छत कुठे आहे?"

शगने टेबलाकडे पाहिलं. त्याने एका हाताने सगळ्या सोंगट्या बाजूला लोटल्या. डॉडचा डाव चांगला लागला होता, तो ओरडला, पण कुणी लक्ष दिलं नाही. टेबलाची फळी चार खिळ्यांवर होती, ती निघाली. दुपारी ड्रमगार्वीने जे पाहिलं ते आजही लोक सांगतात: शग मूडी आणि डॉड पेनमन डॉमिनोच्या टेबलाची फळी दोन बाजूंनी धरून, जमिनीपासून बरोबर साडेतीन फुटांवर तोलत चाललेत, आणि त्या फळीखाली आंद्रा इझॅट, खाणीतले जुने नालाचे बूट घालून, डोक्यावर नेट्टाने माळ्यावरून काढून दिलेलं हेल्मेट, एक हात पाठीवर, एक हात आखूड काठीवर.

"छत खाली घे!" आंद्रा आतून म्हणाला. "डॉड, तुझी बाजू वर जातेय."

"माझा खांदा जातोय, वर काय जाईल!"

"बोलू नका, मोजतोय तो," शग म्हणाला, आणि मागे वळून सगळ्या गावाला दरडावलं, "जो कुणी तोंडातून एक आकडा काढील त्याला मी ओढ्यात बुडवीन!"

शाळेतल्या बाईंनी सतराही मुलं भिंतीपाशी आणून उभी केली होती. त्यांच्यातली एक हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. कुरण एवढं शांत झालं की हेल्मेट फळीला लागल्याचा टक् आवाज लांबवर ऐकू जायचा. आंद्रा थोडा वर उठला की टक्. मग तो परत खाली. पन्नासपर्यंत त्याच्या मांड्या पेटल्या. शंभरावर त्याला घाम डोळ्यांत गेल्याने दिसेना, आणि दिसेना तेव्हा उलट बरं वाटलं, असंच असायचं. त्याला पुढे चालणाऱ्या टॉशचा श्वास ऐकू आला. काळा ओला दगड, गार हवा, बापाचा आवाज. एकशे साठावर डॉड म्हणाला, "माझ्याच्याने होत नाही," आणि पाद्री धावत आला, त्याने डॉडच्या जागी फळी धरली, काळ्या कोटासकट. आंद्रा थांबला नाही.

दोनशे चौदाव्या पावलाला तो थांबला आणि काठी मातीत रोवली. शगने फळी बाजूला घेतली. आंद्राला सरळ व्हायला वेळ लागला. त्याने आजूबाजूला पाहिलं. ते कुरणाच्या मध्यावर उभे होते, पाद्र्याच्या कुंपणापासून दोनशे फूट अलीकडे. तिथे काही नव्हतं. गवत आणि एक मेंढी.

शुक्रवारी सकाळी आठला मशीन काठीच्या जागी उभं राहिलं. शेवटचा दिवस. साडेनऊपर्यंत चाळीस फूट खाली गेलं. खडक.

  मशीनवाल्याने हातमोजे काढले आणि मॉरवेनकडे पाहिलं. आंद्रा टोपी हातात घेऊन उभा होता. नेट्टाने त्याचा कोपर धरला.

मॉरवेन त्याच्याजवळ आली. "मिस्टर इझॅट, एक विचारते. तुमचं दोनशे चौदावं पाऊल विहिरीच्या मधोमध होतं की भिंतीपाशी?"

"भिंतीपाशी," आंद्रा म्हणाला. "चिऱ्यांना हात लावला मी."

"भिंतीच्या अलीकडे उभं राहून?"

"मग पलीकडे कसा जाणार, पोरी? पलीकडे तर..." तो थांबला.

"पलीकडे विहीर," मॉरवेन म्हणाली, आणि धावतच मशीनकडे गेली. "सहा फूट पुढे घ्या! याच रेघेत!"

मशीन पुढे सरकलं. दहा वाजले, साडेदहा. बारा फुटांवर मशीनवाल्याने मुठीत काहीतरी घेऊन वर धरलं. दगडाचा चुरा नव्हता तो. काळा, ओला लाकडाचा भुगा. शगने नाकाशी नेला.

"पाइन," तो म्हणाला.  "खाणीचं लाकूड. झाकण आहे हे."

आणि तेवढ्यात मशीनचा सूर बदलला. गज धाडकन खाली गेला, जणू कुणी खालून ओढून घेतला. मशीनवाला ओरडून मागे सरला, इंजिन बंद केलं. त्या शांततेत भोकातून हवा वर आली. लांब, थंड, कुबट. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी ती ओळखली. एकेकाने टोपी काढली.

"ग्रिझल," डॉड म्हणाला. "अजून श्वास घेतेय."

मग जो काही आरडाओरडा झाला तो पाच मैलांवर ऐकू गेला असेल. शाळेची मुलं भिंतीवरून उड्या मारून आली. शगने आंद्राला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही गवतात पडले. पाद्र्याने घंटा वाजवली, शुक्रवार होता तरी. पाद्र्याच्या बायकोने फुटलेल्या बशीचं सगळं माफ करून चहा आणि गोड वड्या बाहेर आणल्या. आणि मॉरवेन सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या नोकरीत मी खूप नकाशे पाहिले. चालत आलेला हा पहिलाच."

चोवीस घरं झाली, सगळी मुलाबाळांनी भरली, आणि आज शाळेत एकावन्न मुलं आहेत. पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी दुपारी वेल्फेअरमध्ये टेबलाची फळी परत खिळ्यांवर बसली, मॉरवेनने तिच्यावर आपला नकाशा पसरला आणि आंद्राच्या हातात पेन्सिल दिली. "ती वाट काढून द्या," ती म्हणाली. "आणखी काही राहिलं असेल तर तेही."

आंद्राने ती एक रेघ काढली. मग थोडं थांबून दुसरी. मग तिसरी, उत्तरेकडची, तीही नकाशावर नव्हती. लोक टेबलाभोवती दाटले.

"माझ्या घराखाली काय आहे रे?" डॉडने विचारलं.

"काही नाही. भक्कम खडक. तुझ्या डोक्यासारखा."

हा आंद्रा बोलला होता. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना, मग हॉल हसून हसून हलला, आणि सगळ्यात मोठ्याने डॉड.

"आणि माझ्या?" शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"तुमच्या स्वयंपाकघराखाली आम्ही जेवायला बसायचो. टॉश, मी आणि माझे वडील. जागा कोरडी होती. मोठ्या बोगद्याच्या तोंडापासून नव्वद पावलं." त्याने पेन्सिलने तिथे एक बारीक टिंब काढलं. "ही ताठ चालून मोजलेली. तिथे उंची होती."

"आणि माझ्या?" "आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली?" "चर्चखाली?"

आंद्रा सांगत होता. कुठे पाणी होतं, कुठे कोळशाच्या गाड्या ओढणारा घोडा अडून बसायचा, कुठे पिवळ्या दगडाचा पट्टा होता. शग मध्ये बोलायला तोंड उघडायचा आणि आपणच मिटून घ्यायचा. नेट्टाने दोनदा निरोप पाठवला की जेवण गार होतंय. आंद्राने दोन्ही वेळा मान न उचलता सांगितलं, "येतो म्हणावं. अजून सगळी दक्षिण बाजू सांगायची राहिली आहे."